ड जीवनसत्त्वाचा ग्राही, जनुकीय भेद आणि प्रकार-२ मधुमेहातील दाह : एक चिकित्सक आढावा

गोषवारा : ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे जनुक, त्यात सर्रास आढळणारे भेद आणि प्रकार-२ मधुमेहातील दीर्घकालीन दाह यांचा संबंध जोडणारे संशोधन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनामागील युक्तिवादाची चिकित्सा केली आहे. ग्राहीचे जैविक महत्त्व निर्विवाद असले, तरी त्याच्या जनुकातील सामान्य भेदांना दाहाचे कारण ठरविण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. आणि लहान नमुन्यांवरील अभ्यासांची केवळ संख्या वाढवून तो मिळणारही नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : ड जीवनसत्त्व, ग्राही, जनुकीय बहुरूपता, दाह, प्रकार-२ मधुमेह, संशोधनपद्धती.

१. प्रस्तावना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना, म्हणजे ११.४ टक्के प्रौढ लोकसंख्येला मधुमेह आहे. त्याच वेळी, सूर्यप्रकाश मुबलक असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्वत्र आढळते. या दोन वस्तुस्थिती शेजारीशेजारी ठेवल्या की त्यांच्यात काही नाते असावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातच जनुकीय तपासणीची तंत्रे महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आल्याने ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे जनुक हा संशोधनाचा आवडता विषय झाला.

या संशोधनामागील युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल : जनुकातील भेदामुळे ग्राहीचे कार्य बदलते, ग्राही दाहावर नियंत्रण ठेवतो, दाहामुळे इन्सुलिनचे कार्य बिघडते, म्हणून जनुकातील भेद मधुमेही व्यक्तीतील दाहाची तीव्रता ठरवितो. साखळी सुबोध आहे. परंतु प्रत्येक कडीला वेगवेगळा पुरावा असणे म्हणजे संपूर्ण साखळी सिद्ध होणे नव्हे. कोणती कडी किती भार पेलू शकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. निर्विवाद भाग : ग्राहीचे कार्य

हॉस्लर आणि नॉर्मन यांनी १९६९ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाला बांधून घेणारा ग्राही दाखवून दिला. मानवात हा ग्राही तयार करण्याची सूचना बाराव्या गुणसूत्रावरील व्हीडीआर या जनुकात असते. सक्रिय ड जीवनसत्त्व ग्राहीला चिकटले की तो पेशीकेंद्रकात दुसऱ्या एका ग्राहीशी जोडी जमवितो आणि डीएनएवरील ठरावीक ठिकाणी बसून अनेक जनुकांचे कार्य वाढवितो किंवा कमी करतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी लसिकापेशींपासून वाढविलेल्या पेशीमालिकांत अशी २,७७६ ठिकाणे आढळली.

मधुमेहाशी या ग्राहीचा संबंधही कल्पनेतला नाही. ड जीवनसत्त्वाच्या अभावी उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव मंदावतो, हे नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखविले. दाहाच्या बाजूने पाहता, लठ्ठ प्राण्यांच्या मेदपेशींत टीएनएफ-अल्फा हे दाहजनक द्रव्य वाढलेले असते आणि ते इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते, हे हॉटामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी महिलांच्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि इंटरल्यूकिन-६ यांचे प्रमाण आधीपासून अधिक होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असल्याचे दिसले. २०१८ मध्ये सॉल्क संस्थेतील इव्हान्स यांच्या गटाने, दाहाच्या ताणाखाली असलेल्या बीटा पेशींना हा ग्राही संरक्षण देऊ शकतो, असे पेशी व उंदीर यांवरील प्रयोगांतून दाखविले.

हा सर्व पुरावा ग्राहीविषयीचा आहे. ग्राहीच्या जनुकातील सामान्य भेदांविषयीचा नाही. हा फरक दुर्लक्षिला जातो, तेथूनच अडचणीला सुरुवात होते. ग्राही पूर्णपणे निकामी करणारे दुर्मीळ दोष बालकांत तीव्र मुडदूस निर्माण करतात, हे १९८८ पासून ज्ञात आहे. परंतु लोकसंख्येतील दर दोन-तीन व्यक्तींमागे एकीत आढळणारा भेद आणि असा विध्वंसक दोष यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

३. चार नावे आणि त्यांचा अर्थ

या विषयावरील बहुतेक अभ्यास चार भेदांभोवती फिरतात : फॉक-आय, बीएसएम-आय, अपा-आय आणि टॅक-आय. ही नावे जनुकाच्या कोणत्याही गुणधर्मावरून आलेली नाहीत. डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या, जिवाणूंपासून मिळविलेल्या विकरांची ती नावे आहेत. उदाहरणार्थ, टॅक-आय हे विकर थर्मस ॲक्वॅटिकस या उष्ण झऱ्यांतील जिवाणूपासून मिळते. १९८० आणि १९९० च्या दशकांत डीएनएतील भेद ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे विकराने तुकडे होतात की नाही हे पाहणे. जे भेद त्या विकरांना दिसले, ते अभ्यासले गेले. म्हणजेच भेदांची ही निवड जैविक महत्त्वावरून झालेली नसून तंत्राच्या सोयीवरून झालेली आहे.

त्यांपैकी बीएसएम-आय आणि अपा-आय हे भेद जनुकाच्या अशा भागात आहेत, ज्याचे प्रथिनात रूपांतर होत नाही. टॅक-आय हा भेद प्रथिनाची सूचना देणाऱ्या भागात असला, तरी त्यामुळे अमिनो आम्ल बदलत नाही. हे तिन्ही भेद जनुकाच्या एकाच टोकाला असून बहुधा एकत्रच वारशाने येतात. त्यामुळे एकाच अभ्यासात तिन्हींचा ‘संबंध’ आढळला, तर ते तीन स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत; एकच पुरावा तीनदा मोजला जातो. जवळच्या एखाद्या कार्यकारी भेदाची ती खूण असू शकेल. पण मग तो भेद शोधून दाखविण्याची जबाबदारी संशोधकावर येते.

फॉक-आयची गोष्ट वेगळी आहे. हा भेद प्रथिननिर्मिती जेथून सुरू होते तेथेच आहे. त्याच्या एका रूपात ४२७ अमिनो आम्लांचा लांब ग्राही बनतो, तर दुसऱ्या रूपात ४२४ अमिनो आम्लांचा आखूड ग्राही. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेतील पेशींत आखूड रूप सुमारे १.७ पट अधिक कार्यक्षम असल्याचे दाखविले. यावरून आखूड रूप असलेल्यांत दाह कमी असेल, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

परंतु २००७ मध्ये व्हान एटन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग नेमके याच्या विरुद्ध दिशेला जातात. आखूड रूपाच्या उपस्थितीत एनएफ-कप्पा-बी या दाहनियामकाच्या आधारे होणारे जनुककार्य अधिक दिसले, तसेच इंटरल्यूकिन-१२ ची निर्मितीही अधिक आढळली. म्हणजे ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देण्यात जे रूप अधिक सक्षम, तेच रोगप्रतिकारक पेशींत अधिक दाहप्रवण. अशा स्थितीत पुढील कोणत्याही अभ्यासाचा निष्कर्ष, मग तो आखूड रूपाच्या बाजूने असो वा लांब रूपाच्या, स्पष्टीकरणाविना राहत नाही. जो सिद्धान्त दोन्ही परस्परविरोधी निष्कर्षांना सामावून घेतो, त्याची परीक्षाच होऊ शकत नाही.

४. अस्थिसंशोधनातील पूर्वानुभव

या जनुकाच्या बाबतीत आजचा वाद अगदी नवा नाही. १९९४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मॉरिसन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ग्राहीच्या जनुकप्रकारावरून हाडांच्या घनतेचे भाकीत करता येते, असे त्यात प्रतिपादन होते. या लेखाने संशोधकांचे लक्ष वेधून घेतले आणि देशोदेशी लहानमोठे अभ्यास सुरू झाले. काहींनी दुजोरा दिला, काहींना काहीच आढळले नाही, तर काहींना उलट दिशेचा संबंध आढळला. १९९७ मध्ये मूळ लेखकांनीच त्याच नियतकालिकात दुरुस्ती प्रसिद्ध केली. जनुकप्रकार निश्चित करण्यातील चुका दूर केल्यावर परिणाम पूर्वी वाटला त्याहून क्षीण ठरला.

अखेर २००६ मध्ये युरोपातील ‘जेनोमॉस’ या सहकारी प्रकल्पाने २६,२४२ व्यक्तींची माहिती एकत्र करून समान पद्धतीने तपासली. वर उल्लेखिलेल्या चारही भेदांचा हाडांच्या घनतेशी किंवा अस्थिभंगाशी संबंध आढळला नाही. बारा वर्षांच्या आणि कितीतरी लहान अभ्यासांच्या वादाचा निर्णय एका मोठ्या, सामुदायिक अभ्यासाने लावला.

हाडे हे ड जीवनसत्त्वाचे सर्वपरिचित कार्यक्षेत्र आहे. तेथे जे चार भेद कसोटीला उतरले नाहीत, तेच मधुमेहातील दाहासारख्या अधिक गुंतागुंतीच्या प्रक्रियेत निर्णायक ठरतील, असे मानण्यासाठी अधिक भक्कम पुरावा हवा, कमी नव्हे. मधुमेहविषयक लेखांच्या प्रस्तावनांत मात्र १९९४ चा उल्लेख येतो, तितक्या आवर्जून २००६ चा येत नाही.

५. दाहाच्या मोजमापाचे प्रश्न

जनुकप्रकार आयुष्यभर बदलत नाही. दाहाचे मापन मात्र आठवड्यागणिक बदलू शकते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन साध्या सर्दीने किंवा हिरड्यांच्या विकारानेही वाढते. म्हणूनच २००३ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संघटना व रोगनियंत्रण केंद्र यांच्या संयुक्त निवेदनात दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मापन करावे आणि लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मूल्य आल्यास संसर्गाचा शोध घेऊन मापन पुन्हा करावे, असे सुचविले होते. एकाच रक्तनमुन्यावर आधारलेल्या अभ्यासाला ही अट पाळता येत नाही. औषधांचाही प्रश्न आहे. स्टॅटिन गटातील औषधे अनेक मधुमेही व्यक्ती घेतात. २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिनमुळे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ३७ टक्क्यांनी घटले होते. ज्या भेदाचा परिणाम यापेक्षा कितीतरी लहान असण्याची शक्यता आहे, तो औषधांची नोंद न ठेवता कसा ओळखता येईल?

ड जीवनसत्त्वाच्या रक्तातील पातळीबाबतही कार्य आणि कारण यांची अदलाबदल होऊ शकते. गुडघ्याच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर दाह वाढताच ही पातळी खाली येते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे कमी पातळी हे दाहाचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकतो.

मेदाचा प्रश्न भारतीयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मेदपेशी दाहजनक द्रव्ये निर्माण करतात. शिवाय लठ्ठपणात ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी कमी असते. हा दुहेरी परिणाम वेगळा काढण्यासाठी संशोधक वजन व उंचीवरून काढलेला देहभार निर्देशांक वापरतात. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. समान निर्देशांकामागे इतका फरक दडू शकत असेल, तर भारतीय नमुन्यात निर्देशांकाची दुरुस्ती केली म्हणजे मेदाचा प्रभाव वगळला गेला, असे म्हणता येत नाही.

६. संख्येचा प्रश्न

या परंपरेतील सर्वांत मोठी उणीव नमुन्याच्या आकाराची आहे. समजा, एखाद्या समूहात फॉक-आयच्या लांब रूपाचे प्रमाण ३० टक्के आहे. वडील आणि आई या दोघांकडूनही लांब रूप मिळालेल्या व्यक्ती साधारण ९ टक्के असतील. १०० मधुमेही व्यक्तींच्या अभ्यासात त्या नऊ निघतील. त्याच शंभरांची उपचार आणि नियंत्रण अशा दोन गटांत विभागणी केली, तर उपचार गटात चार किंवा पाच. या चार-पाच व्यक्तींपैकी एकीला त्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल, तर गटाची सरासरी आणि अभ्यासाचा निष्कर्ष दोन्ही बदलतील.

दोन सारख्या आकाराच्या गटांतील फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका मोठा असेल, तर तो ८० टक्के खात्रीने ओळखण्यास प्रत्येक गटात सुमारे ६४ व्यक्ती लागतात. फरक एक दशांश प्रमाण विचलनाइतका असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १,६०० लागतात. सामान्य जनुकीय भेदांचे परिणाम बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. प्रकार-२ मधुमेहाशी सर्वांत ठळकपणे निगडित असलेला सामान्य भेद टीसीएफ७एल२ या जनुकात २००६ मध्ये सापडला. त्याची एक प्रत मधुमेहाची शक्यता सुमारे १.४ पट करते. शंभर-दीडशे व्यक्तींच्या अभ्यासात एखाद्या भेदाने धोका तिप्पट केल्याचे आढळले, तर तो मोठा शोध असण्यापेक्षा योगायोग असण्याचा संभव अधिक.

त्यात अनेक कसोट्यांचा प्रश्न मिसळतो. चार भेद, पाच दाहनिर्देशक आणि वारशाची तीन प्रतिमाने घेतली की साठ कसोट्या होतात. कोणताही संबंध अस्तित्वात नसतानाही पाच टक्क्यांच्या निकषाने त्यांपैकी सरासरी तीन ‘लक्षणीय’ ठरतील. कसोट्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर किमान एक लक्षणीय निष्कर्ष हाती येण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के आहे. प्रत्यक्षात त्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा काहीसा कमी होईल. पण रिकाम्या हाताने परतणारा अभ्यास विरळाच राहील. लेखात साठांपैकी कोणत्या तीन कसोट्या छापल्या जातात, यावर मग शोधाचे स्वरूप ठरते.

भारतात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. येथील बहुतेक समूहांत विवाहसंबंध समूहांतर्गत होत आले. २००९ मध्ये राइख, थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी २५ भारतीय समूहांचा अभ्यास करून, समूहासमूहांतील जनुकीय अंतर युरोपातील समूहांपेक्षा अधिक असल्याचे दाखविले. रुग्ण एका समाजातून आणि निरोगी व्यक्ती दुसऱ्या समाजातून आल्या, तर दिसणारा फरक रोगाचा नसून वंशपरंपरेचा असू शकतो.

७. तेहरानचा प्रयोग आणि व्यक्तिनिष्ठ पोषणाचा दावा

या परंपरेतील उल्लेखनीय काम तेहरानमधील नेयस्तानी आणि सहकाऱ्यांचे आहे. त्यांनी प्रकार-२ मधुमेह असलेल्या व्यक्तींना ‘दूघ’ हे ताकासारखे इराणी पेय ड जीवनसत्त्वाने समृद्ध करून बारा आठवडे दिले. दिवसाकाठी एकूण १,००० आंतरराष्ट्रीय एकके मिळतील अशी योजना होती. रोजच्या आहारातील पेयाची निवड, रुग्णांच्या दाहनिर्देशकांचे मापन आणि जनुकप्रकाराची नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्याने हे काम केवळ एकदा रक्त तपासून थांबणाऱ्या अभ्यासांपेक्षा निश्चितच सरस आहे. २०१३ मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात फॉक-आयची दोन्ही लांब रूपे असलेल्या व्यक्तींचा प्रतिसाद तुलनेने कमी असल्याचे नमूद करून, जनुकानुसार पोषण ठरविण्याची गरज प्रतिपादिली आहे.

निरीक्षण महत्त्वाचे आहे. निष्कर्षाची झेप मात्र मोठी आहे. एका उपगटात बदल लक्षणीय आणि दुसऱ्यात अलक्षणीय असणे, म्हणजे दोन उपगटांतील फरक लक्षणीय असणे नव्हे. गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये या सार्वत्रिक गफलतीकडे लक्ष वेधले होते. जनुकप्रकार आणि उपचार यांची परस्परक्रिया थेट तपासावी लागते आणि तीही अगोदर जाहीर केलेल्या आराखड्यानुसार. त्यानंतर दुसऱ्या देशात, दुसऱ्या संशोधकांनी ती पुन्हा दाखवावी लागते. या पायऱ्या चढल्याशिवाय जनुकानुसार ड जीवनसत्त्वाची मात्रा ठरविण्याचा सल्ला रुग्णाला देणे घाईचे ठरते. कमी प्रतिसादाला अधिक मात्रा हा उपाय तर जनुकतपासणीविना, पातळी पुन्हा मोजूनही करता येतो.

८. मोठ्या अभ्यासांची साक्ष

आधी जनुक निवडून मग संबंध शोधण्याऐवजी संपूर्ण जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासांनी वेगळे चित्र उभे केले. २०१० च्या ‘सनलाइट’ अभ्यासात ड जीवनसत्त्वाच्या रक्तातील पातळीशी निगडित म्हणून जीसी, डीएचसीआर७ आणि सीवायपी२आर१ ही जनुके पुढे आली. ती या जीवनसत्त्वाचे वहन व निर्मिती यांच्याशी संबंधित आहेत. ग्राहीचे जनुक त्यांत नव्हते. २०११ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक व्यक्तींवरील अभ्यासात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनशी निगडित १८ जनुकस्थाने निश्चित झाली. त्यांतही ते नव्हते. अनुपस्थिती हा संबंध नसल्याचा अंतिम पुरावा नव्हे, कारण मधुमेही व्यक्तींतच प्रकटणारा परिणाम अशा अभ्यासांतून निसटू शकतो. परंतु परिणाम मोठा असता, तर इतक्या व्यक्तींत त्याचा मागमूस लागला असता.

ड जीवनसत्त्वाच्या उपचाराविषयीचा पुरावाही संयमित आहे. २०१९ च्या ‘डी-टू-डी’ चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील २,४२३ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज ४,००० एकके दिली. मधुमेह होण्याच्या धोक्यात १२ टक्के घट दिसली, पण ती सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हती. अशा तीन चाचण्यांतील माहिती एकत्र केल्यावर, २०२३ मध्ये ही घट १५ टक्के आणि लक्षणीय ठरली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने अधिक धोक्याच्या मधुमेहपूर्व अवस्थेत ड जीवनसत्त्व देण्याचे सुचविले. म्हणजेच या जीवनसत्त्वाचा माफक उपयोग मान्य होत आहे; पण तो सिद्ध होण्यासाठी हजारो व्यक्ती लागल्या आणि त्यात जनुकप्रकार पाहण्याची गरज पडली नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून ग्राहीचे जनुक मधुमेहाच्या अभ्यासातून वगळावे, असा अर्थ काढू नये. प्रश्न योग्य आहे. तो विचारण्याची रीत अपुरी आहे. यापुढील अभ्यासाकडून किमान चार अपेक्षा करणे रास्त ठरेल : नमुन्याचा आकार अपेक्षित परिणामावरून आधी ठरविलेला असावा, मुख्य कसोटी एकच असून ती आधी जाहीर केलेली असावी, दाहाचे मापन पुन्हा केलेले असून मेद व औषधे यांची प्रत्यक्ष नोंद असावी, आणि रुग्ण व निरोगी व्यक्ती एकाच समूहातून आलेल्या असाव्यात. जनुकसंबंधांच्या अभ्यासांचे वृत्त कसे लिहावे, याची ‘स्ट्रेगा’ ही मार्गदर्शक सूची २००९ पासून उपलब्ध आहे.

एकट्या महाविद्यालयाला हे झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु दहा महाविद्यालयांनी समान आराखड्याने प्रत्येकी दीडशे नमुने जमविले, तर दीड हजारांचा अभ्यास उभा राहतो. त्याच दहा महाविद्यालयांनी दहा स्वतंत्र लेख लिहिले, तर परस्परविरोधी दहा निष्कर्ष उभे राहतात. पदवी आणि पदोन्नती यांच्या नियमांना आज दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटतो; त्याची किंमत संशोधक विद्यार्थ्यांची वर्षे आणि रुग्णांनी विश्वासाने दिलेले रक्त यांतून चुकती होते.

रुग्णाच्या बाजूने निष्कर्ष साधा आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर ती जनुकप्रकार कोणताही असला तरी भरून काढली पाहिजे. आणि मधुमेहातील दाह कमी करण्यासाठी या जनुकाची तपासणी करून घेण्यास आज आधार नाही. उद्या असा आधार मिळालाच, तर तो जेनोमॉससारख्या सामुदायिक आणि शिस्तबद्ध प्रयत्नातूनच मिळेल.